उपासाचं त्रैराशिक

भुईकाट्याच्या झाकणात निरीक्षक एकूण पस्तीस मिनिटं अडकून होते, आणि तेवढ्या वेळात काट्यासमोर बावीस ट्रक उभे राहिले. पुढे सांगताना लोकांनी हा आकडा चाळीसवर नेला. पण निरीक्षकांचा पिंडच मोजण्याचा. नुसतं डोकं बाहेर राहिलेलं असतानाही त्यांनी ट्रक नीट मोजले होते आणि बावीस म्हणजे बावीसच, या मुद्द्यावर ते कोणाशीही भांडायला तयार होते. बाकी घडल्या प्रकाराबद्दल मात्र ते काही बोलायला तयार नव्हते.

भुईकाटा म्हणजे गोदामाच्या दाराशी जमिनीत बसवलेला तो भला मोठा लोखंडी पाट, ज्याच्यावर अख्खा ट्रक मालासकट चढवून तोलतात. वरून दिसतो तो नुसता पाट. खरी यंत्रणा खाली, माणूसभर खोल खड्ड्यात असते. तिथे दगड अडकला, चिखल साचला किंवा उंदरांनी संसार थाटला की वरचे आकडे खोटं बोलायला लागतात. म्हणून वर्षातून एकदा वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने स्वतः खाली उतरून सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची, असा नियम आहे. निरीक्षक सव्वीस वर्षं हे काम करत होते. या गोदामाच्या जुन्या काट्याला बाजूने चांगल्या पायऱ्या होत्या. यंदा नवा काटा बसला, आणि नव्या काट्याला मधोमध एक चौकोनी झाकण, अठरा इंच लांब आणि अठरा इंच रुंद. निरीक्षक पाय सोडून उतरायला लागले आणि मध्येच थांबले. थांबले ते थांबलेच.

आत नेमकं काय अडकलंय हे कोणालाच दिसत नव्हतं, पण पोट, याबद्दल जमलेल्यांपैकी कोणाच्याही मनात शंका नव्हती. “साहेब, पोट आत घ्या,” असं जो तो ओरडत होता, आणि निरीक्षकांनी पस्तीस मिनिटं पोट इतकं आत घेऊन धरलं होतं की पुढे दोन दिवस त्यांच्या बरगड्या दुखत होत्या. शेवटी हमालांनी चौकटीवरून वंगणाचा अर्धा डबा ओतला, निरीक्षकांनी खालच्या शिडीवर पाय रोवले, आणि ते एकदाचे वर आले.

ही बातमी ते ऑफिसात पोहोचायच्या आधीच मोठ्या साहेबांकडे पोहोचली होती. मोठे साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निरीक्षकांसाठी खुर्ची पुढे केली, आणि पुढे करताना ती बिनहातांची आहे ना, हे हळूच बघून घेतलं. निरीक्षकांना ते फार लागलं.

“सोमवारी सकाळी दहाला पुन्हा तपासणी ठेवू. मी स्वतः येतो,” मोठे साहेब म्हणाले. “जमलं तर उत्तमच. नाहीतर भुईकाटे धाकटीकडे देऊ या. तुम्ही आवक-जावक बघा. सावलीतलं काम आहे.”

धाकटी म्हणजे दोन वर्षांपूर्वी खात्यात आलेली निरीक्षक मुलगी. तिला काम निरीक्षकांनीच शिकवलं होतं, आणि ती त्या झाकणातून दोनदा एकदम गेली असती, इतकी बारीक होती. आवक-जावक म्हणजे दिवसभर आलेल्या-गेलेल्या पत्रांवर नंबर टाकत बसायचं. निरीक्षकांना भुईकाट्याचा खड्डा मनापासून आवडायचा. आत गारवा असायचा. वर ट्रक चढला की सगळं लोखंड हलकेच दबायचं, आणि एवढं ओझं आपल्या सहीवर टेकलंय या विचाराने त्यांचा ऊर भरून यायचा. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. खड्डा आवडतो असं सांगणाऱ्याकडे लोक कसे बघतात, याची त्यांना कल्पना होती.

हा झाला बुधवार. गुरुवारी सकाळपर्यंत घरच्या सगळ्या इमारतीला निरीक्षकांचं वजन कमी करायचंय हे कळलं होतं, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक सल्ला उभा होता. तळमजल्यावरच्या विमा एजंटाने पोहायला सांगितलं. पोहता येत नाही म्हटल्यावर, “मग तर जास्तच व्यायाम होतो,” म्हणाला. समोरच्या आजींनी मीठ सोडायला सांगितलं. बँकेतल्या बाईंनी जिना उलटा चढायला सांगितला, आणि तो कसा चढायचा हे करून दाखवताना त्या पडता पडता वाचल्या. निरीक्षकांनी सगळ्यांचे आभार मानले आणि सोमवार फक्त चार दिवसांवर आहे, एवढंच सांगितलं. ते ऐकून शेजारच्या दारातून मास्तर बाहेर आले.

मास्तर छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगाने काडी, चालायला ताठ, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारे. वर्ग सुटून किती वर्षं झाली तरी समोरच्याने वहीच उघडलेली आहे, अशा थाटात ते बोलत.

“चार दिवसांत एकच गोष्ट होऊ शकते,” मास्तर म्हणाले. “पाण्यावर राहा. फक्त पाणी, दुसरं काही नाही. मी गेल्या वर्षी दोन दिवस राहिलो होतो. पूर्ण अठ्ठेचाळीस तास.”

“तुम्ही? मास्तर, तुमच्या अंगावर आहे काय?”

“तेच तर सांगतोय. वजन किती तुमचं?”

“चौऱ्याण्णव.”

मास्तर तडक निरीक्षकांच्या घरात शिरले, न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “माझं एक्कावन्न. आता त्रैराशिक मांडा. एक्कावन्न किलोंचा माणूस अठ्ठेचाळीस तास टिकतो, तर चौऱ्याण्णव किलोंचा किती?” त्यांनी विजेच्या बिलामागे स्वतःच गुणाकार-भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. अठ्ठ्याऐंशी तास अठ्ठावीस मिनिटं. “साठा जास्त, मुदत जास्त. शरीर म्हणजे शेवटी एक कोठार.”

निरीक्षकांना हे मनापासून पटलं. त्यांचं सगळं आयुष्य प्रमाणात गेलं होतं. काट्यावर दुप्पट माल ठेवला तर दुप्पट आकडा यायलाच हवा, नाही आला तर काटा वाईट. शिवाय आजवर त्यांच्या वजनाला लोक हसले होते, कोणी भुवया उंचावल्या होत्या, पण ती जमेची बाजू आहे असं म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. सोमवारच्या दहापासून मास्तरांनी मागे मोजत आणलं, तेव्हा उपास गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून बत्तीस मिनिटांनी सुरू व्हायला हवा, असं निघालं.

निरीक्षक बेफिकीर नव्हते. दुपारी ते डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्यांच्याकडूनच ते रक्तदाबाची गोळी घेत होते.

“वजन जास्त असलेल्या माणसाकडे चरबीचा साठा जास्त असतो, त्यामुळे तो उपाशी जास्त दिवस तग धरू शकतो, एवढं खरं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण वजन सांगतं ते फक्त साठा किती आहे. बाकीचं शरीर ते सोसेल की नाही, हे वजन सांगत नाही. अंगातले क्षार कमी होतात, चक्कर येते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात तुम्हाला गोळी चालू. तुम्ही हे अजिबात करायचं नाही.”

निरीक्षकांनी मान डोलावली. पण दवाखान्यापासून घरापर्यंतच्या वाटेत त्या बोलण्यातलं एकेक वाक्य गळत गेलं आणि घरी पोहोचेपर्यंत पहिलं तेवढं शिल्लक राहिलं.

“डॉक्टरसुद्धा तेच म्हणाल्या,” त्यांनी बायकोला सांगितलं.

“म्हणजे करा म्हणाल्या?”

“नंतर आणखीही काहीतरी बोलल्या त्या,” निरीक्षक म्हणाले आणि पाण्याची बाटली भरायला गेले.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं, आणि गळ्यात मोजपट्टी नाही अशी ती निरीक्षकांना क्वचितच दिसायची. कमी बोलायची. तिने मशीन थांबवून नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मग मीही पाण्यावर राहते.”

“तू कशाला? तुझ्यात आहे काय?”

“तुम्ही समोर उपाशी बसलेले असताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि एकटीसाठी गॅस पेटवायचा मला कंटाळा आहे.”

निरीक्षकांनी खूप समजावलं. शेवटी मास्तरांना बोलावून तिचंही त्रैराशिक मांडून घेतलं. शेहेचाळीस किलो म्हणजे त्रेचाळीस तास अठरा मिनिटं.

“शनिवारी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी तुमचा साठा संपणार, वहिनी,” मास्तर म्हणाले. “तेव्हा जेवावंच लागेल.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

शुक्रवारी सकाळी निरीक्षक मोठ्या आशेने काट्यावर उभे राहिले. रात्रीचं जेवण नाही, सकाळचा चहा नाही, बिस्किट नाही. काटा म्हणाला, चौऱ्याण्णव. ते उतरले, चष्मा पुसला, पुन्हा चढले. चौऱ्याण्णव. तेव्हा त्यांच्या मनात जो संशय आला, तो दुसऱ्या कोणाच्या मनात आला नसता. दुसरा माणूस स्वतःवर संशय घेतो. निरीक्षकांनी काट्यावर घेतला. सव्वीस वर्षं आपण गावभराचे काटे तपासले आणि घरचा काटा एकदाही तपासला नाही, ही गोष्ट त्यांना इतकी लाजिरवाणी वाटली की काही वेळ ते भूकसुद्धा विसरले.

काटा तपासायचा तर खात्याची प्रमाणित वजनं हवीत, आणि ती भांडारातून बाहेर काढायची तर फॉर्म हवा. भांडारपाल हा माणूस फॉर्ममधली एकही रेघ कोरी सोडत नसे.

“तोलयंत्र कोणाचं?” भांडारपालांनी विचारलं.

“माझंच.”

“तपासणारा अधिकारी?”

“मीच.”

भांडारपालांनी पेन खाली ठेवलं. “नाही जमायचं. यंत्राचा मालक आणि तपासणारा एकच असता कामा नये. तसं परिपत्रक आहे.”

“कोणी काढलंय ते?”

भांडारपालांनी फाइल उघडून परिपत्रक पुढे केलं. खाली निरीक्षकांचीच सही होती, अकरा वर्षांपूर्वीची, मोठी आणि आत्मविश्वासाने भरलेली.

तेव्हा तपासणारी अधिकारी म्हणून धाकटीचं नाव घालावं लागलं. ज्या मुलीच्या हाती सोमवारी आपलं काम जाऊ शकतं, तिलाच आपलं वजन बरोबर आहे का हे बघायला घरी बोलवायचं, हा प्रसंग निरीक्षकांनी दुपारभर पाणी पिऊन गिळला. भोवती सगळे डबे उघडून बसले होते. कोणीतरी उकडलेलं अंडं सोलत होतं. अंडं सोलण्याचा आवाज येतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी ऑफिसच्या जीपमधून वीस-वीस किलोंची चार वजनं आली. न्हाणीघराच्या फरशीला उतार आहे म्हणून धाकटीने काटा पुढच्या खोलीत आणला, हवेचा बुडबुडा असलेली पट्टी ठेवून फरशी सपाट आहे का ते पाहिलं, आणि एकेक वजन अलगद चढवलं. ऐंशी किलो ठेवल्यावर काटा शहात्तर म्हणाला. तिने तीनदा करून बघितलं.

“एकदा पुरे होतं,” निरीक्षक म्हणाले.

“साहेब, तुम्हीच शिकवलंय. ओळखीच्या माणसाचा काटा जास्त वेळा तपासायचा.” आणि तिने पिशवीतून लाल कागद काढून काट्यावर चिकटवला. कागदावर ‘नापास’ असं छापलेलं होतं. “शंभराला पाच कमी दाखवतोय. म्हणजे तुमचं खरं वजन नव्व्याण्णव.”

दारातून बघत असलेल्या मास्तरांनी लगेच पेन काढलं. “मुदत वाढली. त्र्याण्णव तास अकरा मिनिटं. सोमवारी दुपारी पावणेतीनपर्यंत जा आता.”

निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बातमीमुळे की भुकेमुळे, हे सांगता येणार नाही.

“पण मास्तर,” धाकटी म्हणाली, “तुम्हीही याच काट्यावर वजन केलंत ना? मग तुमचंही एक्कावन्न नाही. चौपन्नाच्या आसपास आहे. दोन्हीकडे सारखंच वाढलं, म्हणजे उत्तर तेच राहिलं.”

गणित बिनचूक होतं, आणि तेच मास्तरांना सोसलं नाही. “माझं वजन एक्कावन्न आहे,” ते म्हणाले. “निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय दाखल्यावर आहे.”

“तो कधीचा?”

मास्तर तसेच घरी गेले. त्यानंतर तासभर त्यांच्या घरातून कपाटं उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत होते.

वजनं परत जीपमध्ये ठेवल्यावर धाकटी जरा घुटमळली. “साहेब, मला भुईकाटे नकोत,” ती म्हणाली. “खाली उतरता येईल मला. पण उतरून काय बघायचं ते कुठे कळतंय? नियमात फक्त ‘खड्डा तपासावा’ एवढंच आहे.”

निरीक्षकांनी तिला पाणी हवंय का विचारलं, कारण घरात देण्यासारखं तेवढंच होतं.

शनिवारी सकाळी निरीक्षक उठून उभे राहिले तर खोली एका बाजूला कलली आणि मग हळूहळू सरळ झाली. डोकं ठणकत होतं. वर्तमानपत्रातली गाद्यांची जाहिरात पावाच्या तुकड्यांसारखी दिसत होती. उरलेली अठ्ठेचाळीस तासांची मजल समोर पाहून त्यांना खरं तर रडू येत होतं, पण आता मागे फिरलो तर सोमवारपासून पत्रांवर नंबर टाकायचे, हा विचार आला की ते आणखी एक पेला पाणी प्यायचे. एक आशा मात्र होती. बारा पन्नासला बायको जेवायला बसेल. निदान घरात कोणीतरी जेवतंय, एवढा तरी आधार होईल.

बारा पन्नास झाले. निरीक्षक हातात घड्याळ घेऊन पुढच्या खोलीत आले. “झाले त्रेचाळीस तास अठरा मिनिटं. ऊठ, खाऊन घे.”

“तुमचे किती राहिले?” बायकोने विचारलं.

“पंचेचाळीस तास दहा मिनिटं.”

“मग माझेही तेवढेच राहिले.”

“अगं, तुझा साठा संपला.”

“कोण म्हणतं?”

“त्रैराशिक म्हणतं.”

“म्हणू दे,” ती म्हणाली. तिच्या मांडीवर एक फाटका शर्ट होता आणि ती सुईत दोरा ओवत होती. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. तिने टोक ओठांनी ओलं केलं आणि पुन्हा ओवला. पुन्हा बाजूने गेला. तिसऱ्यांदाही बाजूनेच गेला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हिचा दोरा कधी चुकलेला त्यांनी बघितला नव्हता. ते तिच्या शेजारी बसले आणि सुई-दोरा तिच्या हातातून काढून घेतला. त्यांनाही ओवता आला नाही.

“ठेव तो शर्ट,” ते म्हणाले. “काय एवढं घाईचं आहे?”

“तुमचाच आहे, बुधवारचा. स्वयंपाक नाही म्हणून हात रिकामे होते, तर म्हटलं बघावं कितपत फाटलाय.” तिने शर्ट उलगडून त्यांच्यापुढे धरला. “पोटावर बघा. नुसते वंगणाचे ओघळ आहेत. एक टाका उसवलेला नाही, बटणं सगळी जागच्या जागी. आता खांदे बघा.”

दोन्ही खांद्यांवर बाहीची शिवण उसवली होती आणि कापडावर गंजाचे दोन सरळ पट्टे उठले होते.

तिने गळ्यातली मोजपट्टी काढली आणि नवऱ्याला उभं केलं. “खांदे साडेएकोणीस इंच. पोटाचा घेर त्रेचाळीस, म्हणजे रुंदीने धरला तर सोळाही भरायचा नाही. झाकण केवढं आहे म्हणालात?”

“अठरा,” निरीक्षक हळूच म्हणाले.

“मग पोट गेलंच होतं की आत. खांदे अडकले होते. उपासाने हाड आटतं का? उतरताना हात कुठे होते?”

“खाली. एका हातात फाइल होती, एका हातात टॉर्च.”

“कोट घालून बघताना माणूस अडकला की आम्ही काय करतो? हात वर करायला सांगतो.” तिने त्यांचे दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले आणि पुन्हा मोजपट्टी लावली. “साडेसोळा.”

निरीक्षक हात वर करून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “एवढ्या ड्रायव्हरांसमोर? हात वर करून? शरण आल्यासारखे?”

“आवक-जावक सावलीत असतं म्हणे,” बायको म्हणाली.

निरीक्षकांनी हात खाली घेतले. “तू आधी का नाही सांगितलंस?”

“शर्ट आज हातात घेतला. पण तुम्ही तरी कुठे विचारलंत? इन्शुरन्सवाल्याला विचारलंत, मास्तरांना विचारलंत, डॉक्टरांना विचारून त्यांचंही ऐकलं नाहीत. तुमच्या अंगाचं माप एकतीस वर्षं मी घेतेय.” ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर निरीक्षकांना काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांना खरोखरच लाज वाटली, आणि लाज वाटतेय हे त्यांनी तिला सांगितलंही. “चुकलं माझं,” ते म्हणाले.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाईंनी आधी पाच मिनिटं झाडलं, मग थोडं थोडं आणि पातळ खायला सांगितलं. निरीक्षकांनी बायकोला जागेवरून उठू दिलं नाही. स्वतः बटाटे आणि टोमॅटो उकडून त्याचं सूप केलं. मीठ घालायचं राहिलं. दोन वाट्या घेऊन ते आले आणि पहिली तिच्यापुढे ठेवली.

“बरोबरच खाऊ,” ती म्हणाली.

“नाही. तू आधी. मी बघतो.”

तिने पहिला चमचा तोंडात घातला आणि मग निरीक्षकांनी आपला उचलला. चमच्यांचा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा, कारण दुसऱ्या मिनिटाला मास्तर दारात उभे होते.

“एक चाळीस झालेत,” ते घड्याळ बघत म्हणाले. “म्हणजे चव्वेचाळीस तास आठ मिनिटं. सूत्राप्रमाणे उलट काढलं तर तुमचं वजन सत्तेचाळीस किलो येतं.”

“या, सूप घ्या,” बायको म्हणाली. मास्तरांनी दोन वाट्या घेतल्या आणि आपला दाखला अजून सापडत नाही, असं सांगितलं.

सोमवारी सकाळी दहाला गोदामाच्या दाराशी मोठे साहेब होते, धाकटी होती, केबिनमध्ये काटा चालवणारा होता, आणि समोर ट्रक उभे होते. निरीक्षकांनी सवयीने मोजले. चौदा. ड्रायव्हर मात्र चौदापेक्षा बरेच जास्त वाटत होते. ज्यांचा माल यायचा नव्हता तेही आले असावेत.

निरीक्षकांनी फाइल मोठ्या साहेबांच्या हातात दिली आणि टॉर्च गळ्यात अडकवला. तपासणाऱ्याशिवाय काट्यावर कोणी उभं राहायचं नाही, म्हणून ते एकटेच पाटावर चढले. केबिनच्या कपाळावर हातभर उंचीचे लाल आकडे असतात. भुईकाटा वीस-वीस किलोंनी मोजतो, चौऱ्याण्णव की नव्व्याण्णव हा वाद त्याच्या गावी नसतो.

“शंभर,” काटेवाल्याने सवयीने भोंग्यावरून सांगितलं.

ड्रायव्हरांत खसखस पिकली. निरीक्षक झाकणापाशी गेले, ते उघडून बाजूला ठेवलं आणि काठावर बसून पाय आत सोडले. खालच्या शिडीची एक दांडी पायाला लागली, मग दुसरी. पोट चौकटीतून सरळ आत गेलं. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. मोठे साहेबही फाइल छातीशी धरून बघत होते. निरीक्षकांचे कान तापले. क्षणभर वाटलं, आवक-जावकही तसं वाईट नाही. मग त्यांनी दोन्ही हात सरळ आकाशाकडे वर केले.

“साहेब, आम्ही काही बोललोच नाही,” पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. निरीक्षकही हसले, आणि हसताना अंग जरा सैल पडलं. खांदे दोन्ही बाजूंचं लोखंड जेमतेम चुकवून खाली गेले. मग हनुवटी, मग डोकं, मग कोपरं, आणि सगळ्यात शेवटी दोन पंजे. त्यांचे पाय खड्ड्याच्या तळाला टेकले.

“शून्य,” वरून भोंग्याचा आवाज आला.

खाली गारवा होता. निरीक्षकांनी टॉर्च लावला आणि चारही कोपरे बघितले. तिसऱ्या कोपऱ्यात, पाट जिथे हलायला मोकळा हवा तिथे, काटा बसवणाऱ्यांनी विसरलेली लाकडाची पाचर घट्ट रुतून बसली होती. त्या कोपऱ्यावरून गेलेला प्रत्येक ट्रक काट्याने हलका दाखवला असणार. हे पुस्तकात वाचून कोणाला सापडलं नसतं. त्यांनी पाचर तशीच राहू दिली आणि वर तोंड करून हाक मारली, “धाकटे, खाली ये. काय बघायचं ते दाखवतो.”

वरच्या चौकोनात आधी तिचे बूट दिसले, मग ती. झाकणात तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा मोकळी होती. तरीही ती दोन्ही हात ताठ वर करून, अतिशय गंभीर चेहऱ्याने खाली आली.

“साहेब, ही उतरायची पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?” खाली टेकल्यावर तिने विचारलं.

“पुस्तकात नाही,” निरीक्षक म्हणाले. “माझी बायको शिवणकाम करते.”